चार नंबरची चौकट

मी चौथी पास. पाचवीत गेलो होतो, पण मळ्यात फुलं तोडायला हात कमी पडायला लागले, आणि शाळेचंही माझ्यावाचून काही अडलं नाही. पुढं फुलांचाही कंटाळा आला. सातपूरला कारखाने उभे राहत होते, तेव्हा एका ओळखीच्या मिस्त्रीच्या हाताखाली लेथवर उभा राहिलो आणि मग जन्मभर उभाच राहिलो. मुलाच्या लग्नाच्या आधी स्वतःची शेड झाली. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, पॉलिशला एक बफ. मला वर्तमानपत्र वाचायला वेळ लागतो, पण ड्रॉइंग मी एका नजरेत वाचतो. हे मी फुशारकीनं सांगतोय हे मला कळतं. पण त्या फुशारकीनंच पुढं घात केला, म्हणून ती आधीच मांडलेली बरी.

सून घरात आली ती फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली. लग्नाआधीच तिनं सांगितलं होतं, मला मुंबईला राहून पीएच.डी. करायचीय. मुलगा हो म्हणाला. मी "बघू" म्हणालो. आमच्या घरात मी बघू म्हणालो म्हणजे नाही, हे सगळ्यांना माहीत. तिला माहीत नव्हतं. तिनं ते हो समजून घेतलं आणि लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात बॅग भरली. सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायची, शनिवारी दुपारी यायची. बायकोनं दोन महिने कुरकुर केली. मग तीच तिला डब्यात तिळाची चटणी बांधून द्यायला लागली.

मी मात्र अढी धरून होतो. अणूचं शिकते म्हणे. अणू कोणी पाहिलाय?

एका शनिवारी ती स्टेशनवरून घरी न जाता सरळ शेडवर आली. मी तेव्हा बिडाचं एक कास्टिंग हातात टांगून त्याच्यावर छोटी हातोडी मारत होतो.

"हे काय ऐकता, मामा?"

आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते, सासूला आत्या.

"आत पोकळी आहे का ते. भरीव असलं तर खणखणतं. आत फुगा राहिला असला तर बद्द बोलतं."

"न फोडता कळतं?"

"फोडून कोण बघेल? गिऱ्हाइकाचा माल आहे."

ती हसली. "मग मी तुमचंच काम करते की. अणूच्या मधोमध एक गाठ असते, केंद्र म्हणतात त्याला. ती इतकी बारीक की कुठल्याही भिंगातून दिसत नाही. मग काय करायचं? तिच्यावर काहीतरी जोरात फेकायचं आणि ते कुठल्या कोनात किती उडतं ते मोजायचं. त्यावरून आत काय आहे, कसं बसलंय, ते काढायचं."

"तुमची हातोडी केवढी?"

"प्रोटॉन. त्या गाठीचाच एक कण. पळवत पळवत जवळजवळ उजेडाच्या वेगाला नेतात त्याला."

"एवढ्या जोरात हाणल्यावर फुटेल की सगळं."

"फुटतं कधी कधी. मग तुकडे कसे उडाले ते मोजतो."

"म्हणजे पोरं घड्याळ फोडून बघतात, तसंच."

"तसंच. फक्त आम्हाला ते कागदावर परत जुळवायला लागतं, मामा. आणि ते चालायला पण लागतं."

मला हे उत्तर आवडलं. पण आवडलं असं तोंडानं सांगायची आमच्याकडं रीत नाही. मी नुसतं म्हटलं, "चहा पिणार का?" तिला ते कळलं असावं, कारण त्यानंतर ती दर शनिवारी आधी शेडवरच यायची.

दोन वर्षांनी तिच्या गटाला परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत झोत मिळाला. झोत मिळणं म्हणजे काय, तर तिकडं ते कण पळवायचं यंत्र असतं. जगभरचे लोक अर्ज करतात आणि ठरलेले दिवस तुमच्या वाट्याला येतात. ते चुकले की पुन्हा वर्षा-दोन वर्षांनी. तिला तिथं वेगवेगळ्या धातूंच्या आणि कार्बनच्या चकत्या झोतापुढं धरायच्या होत्या. त्या चकत्या बसवायला सहा चौकटी हव्या होत्या. तिच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये रांग लागलेली. ती ड्रॉइंग घेऊन माझ्याकडं आली.

मी ड्रॉइंग टेबलावर पसरलं. चौकोनी पट्टी, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जाड, मधोमध गोल भोक, कोपऱ्यांत चार बारीक भोकं. माप कडक होतं, पण काम अवघड नव्हतं.

"हे काम आहे? हे तर मी पाय हलवत करीन."

"मामा, एक गोष्ट ऐका. धातू मी आणलाय." तिनं पिशवीतून ॲल्युमिनियमची पाटी काढली, कागदात गुंडाळलेली. "हा शुद्ध आहे. सहाही चौकटी ह्याच्यातूनच काढायच्या. एक चौकट आम्ही रिकामीच ठेवतो, चकती न लावता. झोत काही अगदी सुईसारखा नसतो. द्राक्षाला फवारा मारतात ना, तसा. मध्ये जोर, कडेला तुषार. ते तुषार चौकटीच्या कडेला लागतात आणि तिथूनही कण उडतात. रिकाम्या चौकटीवरून जेवढे उडतात, तेवढे आम्ही बाकीच्यांतून वजा करतो. म्हणून सहाही एकसारख्या हव्यात. मापानं आणि धातूनंही."

"कळलं."

"आणि एखादी बिघडली तर सांगा. पाटी मोजून सहापुरतीच आहे, पण मी दुसरी मिळवीन. पार्सल आठ दिवस पुढं ढकलता येईल. सांगाल ना?"

"माझ्या हातून जॉब बिघडत नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बिघडत नाही हो. पण बिघडला तर." एवढं ती बोलली होती. पुढं मी मनाशी कितीही वळसे घेतले तरी ह्या वाक्याला वळसा घालता आला नाही.

शुद्ध ॲल्युमिनियम कापायला वाईट. मऊ असतं, टूलला चिकटतं, गोळा धरतं आणि मग एकदम ओरबाडतं. हे मला माहीत होतं. पहिल्या तीन चौकटी मी मन लावून केल्या. चौथी चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, बांधली तेव्हा सायखेड्याचा माझा जुना मित्र आला. त्याची द्राक्षबाग, फवारणीच्या पंपाचे दट्टे तो माझ्याकडूनच करून घ्यायचा.

"काय रं, अणूचं काम घेतलं म्हणं तू?"

"कोण म्हणालं?"

"सगळं सातपूर बोलतंय. ह्यो हाय का अणू?"

"अणू नाही रे. अणूची चौकट."

"चौकट! म्हंजे दाराची आसती तशी? मंग दार कुठं हाय?"

मी हसलो आणि त्याला समजावून सांगायला लागलो. झोत, तुषार, उजेडाचा वेग. सुनेनं सांगितलेलं सगळं, जणू मीच शोधून काढलंय असं. मशीन चालू. डावा हात हवेत, उजवा हात चाकावर. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता आणि मला ते फार गोड लागत होतं. तेवढ्यात टूलनं चावा घेतला. कच्चकन आवाज आला. मशीन बंद करून पाहिलं तर भोकाच्या आत खोल ओरखडा, आणि भोक मापाच्या बाहेर.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काय नाही. धातूच तसला आहे."

तो गेल्यावर मी तो तुकडा चकातून सोडवला. फोन करायचा होता. मुंबईचा नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेला होता, तिनंच लिहिलेला. कोपऱ्यावर बूथ होता. एक फोन आणि आठ दिवसांचा उशीर, एवढंच होतं. पण मग मला "माझ्या हातून जॉब बिघडत नाही" हे गिळायला लागलं असतं, आणि तेही सुनेपुढं.

नाशकातल्या कुठल्याही टर्नरला विचारा, भोक मोठं झालं तर काय करायचं. तो सांगेल, बुश मार. भोक आणखी मोठं करून घ्यायचं, त्यात त्याच धातूची कडी दाबून बसवायची, आणि तिच्यात परत मापाचं भोक पाडायचं. सगळे करतात. त्यात फसवणूक आहे असं कोणाला वाटत नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं. पाटीतला सगळा धातू संपत आला होता, कडी काढण्याइतका तुकडा उरत नव्हता. रॅकवर माझा फ्री-कटिंगचा ॲल्युमिनियम रॉड होता. तो कापायला लोण्यासारखा, भुसा बारीक पडतो. तो बारीक का पडतो, तर त्यात थोडं तांबं आणि थोडं शिसं असतं म्हणून. हेही मला माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं, दिसायला दोन्ही ॲल्युमिनियमच.

कडी बसवली, भोक काढलं, बफवर धरलं. जोड माझा मलाच सापडेना. पुढच्या दोन चौकटी शुद्ध धातूतूनच झाल्या. मग सहाही चौकटींवर नंबर ठोकले, एक ते सहा.

शनिवारी ती आली. वर्नियर लावून प्रत्येक चौकट तीन ठिकाणी मोजली, वहीत मांडलं. चार नंबरही मोजला. मी पाठ करून हात पुसत उभा होतो.

"मामा, आमच्या वर्कशॉपवाल्यांना दाखवायला हव्यात ह्या. इतकी सफाई!"

"हं," मी म्हणालो.

चौकटी गेल्या, ती गेली, तीन महिने तिकडं राहून परत आली. त्या तीन महिन्यांत मी काय मिरवलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. न्हाव्याकडं, भाजीच्या गाड्यावर, नातलगांच्या लग्नात मांडवात बसून. माझ्या हातचं काम साता समुद्रापार गेलं, त्याच्यातून कण पळतात. लोक म्हणायचे, मोठं काम केलंत. मी म्हणायचो, त्यात काय. चार नंबर मी विसरलो होतो असं नाही, पण मिरवताना तो आठवत नसे.

मला वाटलं होतं, परत आली की निकाल हातात. तसं नसतं. कोट्यवधी कणांच्या नोंदी असतात, त्या चाळायला वर्ष-दीड वर्ष जातं. ती कागदाच्या घड्या घरी आणायची, लांबच्या लांब, आकड्यांनी भरलेल्या, आणि झोपाळ्यावर बसून पेन्सिलीनं खुणा करायची.

एका रविवारी ती स्वयंपाकघरात जवळजवळ नाचत आली.

"आत्या, मामा, कार्बनमध्ये काहीतरी दिसतंय!"

"म्हणजे चांगलं का?" बायकोनं विचारलं.

"मोठ्या कोनात कण अपेक्षेपेक्षा जास्त उडालेत. म्हणजे केंद्राच्या आत काहीतरी घट्ट, जोडीनं बसलेलं असावं. खरं ठरलं ना आत्या, तर..."

ते खरं ठरलं तर काय होईल हे तिनं सांगितलं नाही, लाजली. बायकोनं शिरा केला. मी दोनदा वाढून घेतला. देवाशपथ सांगतो, त्या दिवशी माझ्या मनात शंका आली नाही. कोणत्या चौकटीत कोणती चकती होती हे मला कुठं ठाऊक होतं?

तिला पीएच.डी.ला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी तिला एका परिषदेत बोलायला लावलं. तिथल्याच एका परदेशी गटानं तिला पीएच.डी. झाल्यावर दोन वर्षांसाठी या म्हणून सांगितलं. मुलगाही रजा घेऊन जायचं म्हणत होता. घरात पासपोर्टच्या गप्पा सुरू झाल्या.

आणि मग दुसऱ्यांनी तोच प्रयोग केला. त्यांना तसलं काही दिसलं नाही. आणखी एका गटाला दिसलं नाही. तिला पत्रं येऊ लागली, प्रश्न येऊ लागले. एका शनिवारी जेवताना ती सांगत होती, तोंडातला घास तसाच.

"सरांनी आज विचारलं, चौकटींत काही नसेल ना? मी म्हटलं, सर, कार्बन चार नंबरला होता, आणि बाकी कशावरही शंका घ्या, चौकटी घरच्या आहेत. माझ्या सासऱ्यांनी केल्यात. मी स्वतः मोजल्यात."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. बायको म्हणाली, "अहो, कालवण घ्या की." मी घेतलं. मुलगा हसून म्हणाला, "बाबांच्या कामावर शंका घेतली तर सरांची काही खैर नाही." सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मी कसं हसलो, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात केस वाळवत बसली होती. मी तुळशीला पाणी घालता घालता विचारलं, सहज विचारावं तसं, "तुमच्या त्या झोताच्या वाटेत शिसं आलं, तर काय होतं गं?"

"शिसं? त्याचं केंद्र फार जड, मामा. त्याच्यावरून कण वेडेवाकडे उडतात, मोठ्या मोठ्या कोनात. चिमूटभर असलं तरी गोंधळ घालील." मग ती थांबली. "का हो?"

"काही नाही. असंच."

ती माझ्याकडं बघत राहिली. एक क्षण मला वाटलं, आता विचारील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला बजावत होतो. हे खोटं आहे. विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणालो असतो. तिनं विचारलं नाही, कारण तिच्या डोक्यात ते येणंच शक्य नव्हतं. तिनं माझ्या नावानं शब्द दिला होता.

चौकटी चांगल्या, चकत्या चांगल्या, मग चूक कुठं? तिनं ठरवलं, चूक तिच्याच गणितात आहे. आकडे चाळायचा जो प्रोग्रॅम तिनं लिहिला होता तो ती ओळ न् ओळ तपासू लागली. एकदा झाला, पुन्हा पहिल्यापासून. आठ महिने. चष्म्याचा नंबर वाढला. बायको मला म्हणायची, "अहो, तुम्ही तरी सांगा तिला, किती जीव काढते. तुमचं ऐकते ती." मी म्हणायचो, "शिक्षण म्हटलं की कष्ट आलेच." हे मी म्हणायचो. बाई दिवसाढवळ्या माझ्या डोळ्यांसमोर बसून नको त्या जागी खणत होती, आणि खणायची जागा फक्त मला माहीत होती.

सबबी मी पुष्कळ केल्या. एवढीशी कडी, काय होणार. कदाचित चूक तिचीच असेल. मी सांगितलं आणि तसं नसलंच, तर उगाच बदनामी. आता तर फार उशीर झाला. शेवटची सबब रोज एका दिवसानं खरी होत होती.

मग परदेशातून पत्र आलं. ती जागा त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली. तिनं ते पत्र मुलाला वाचून दाखवलं, घडी केली आणि आकड्यांचे कागद गोणपाटात भरायला लागली.

"हे काय?" मी विचारलं.

"रद्दीत देते. कार्बनचा भाग प्रबंधातून काढून टाकणारे. बाकीच्यावर कशीबशी डिग्री मिळेल." मग गोणपाटाचं तोंड बांधता बांधता म्हणाली, "मी ह्यात कच्चीच आहे, मामा. मला वाटत होतं तेवढं मला येत नाही."

तेव्हाही मी बोललो नाही. गोणपाट तेवढं रद्दीवाल्याला देऊ दिलं नाही. माळ्यावर टाकलं. "असू दे, कागद चांगला आहे," म्हणालो. आणि त्यानंतर अकरा दिवस घेतले. अकरा दिवस मी काय विचार केला ते लिहिण्यासारखं नाही. बहुतेक वेळ माझाच विचार केला.

बाराव्या दिवशी रविवार होता. दुपारी मी तिला शेडवर बोलावलं. इकडचं तिकडचं बोलणं मला जमत नाही, आणि "माझी चूक झाली" हे शब्द तोंडातून निघेनात. म्हणून मी मशीन चालू केलं. ॲल्युमिनियमचा एक तुकडा बांधला, भोक पाडलं, मोठं केलं. ती स्टुलावर बसून बघत होती, काही न कळून. मी रॉडमधून कडी काढली, दाबून बसवली, आत मापाचं भोक पाडलं, बफवर धरलं आणि पुसून तिच्या हातात दिलं.

"जोड दाखव."

तिनं उजेडाकडं धरलं. नखानं चाचपलं. उलटं करून पाहिलं. "नाही दिसत."

"चार नंबर असा आहे."

हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते सांगू? तिला जोड सापडेना, तेव्हा मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. त्या घडीलासुद्धा.

तिनं तुकडा मांडीवर ठेवला. बाहेर कोणाच्या तरी शेडमध्ये पत्रा ठोकत होते, तो आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"मी तुम्हाला विचारलं होतं, मामा."

"हो."

"जाण्याआधी विचारलं होतं. बिघडली तर सांगा म्हणून."

"हो."

"सर विचारत होते तेव्हा मी काय सांगितलं, ते तुम्ही जेवताना ऐकलं होतं."

"हो गं."

मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल, आणि मी ते सोसून मोकळा होईन. तिनं तसं काही केलं नाही. पर्समधून वही काढली, पेन काढलं. "रॉड कुठला होता?" मी दाखवला. "हाच? की असाच?" हाच, त्याचा उरलेला तुकडा होता. "कडीची जाडी?" सांगितली. "ह्या पाटीच्या जाडीइतकीच खोल?" हो. "बाकी पाच?" चांगल्या. "अजून काही?" काही नाही. ती लिहीत होती. पान उलटलं. "अजून काही?" नाही म्हणालो ना. तिनं वही मिटली, रॉडचा तुकडा पिशवीत टाकला, उठली आणि दारात जाऊन पुन्हा वळली.

"मामा, अजून काही?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला कळलं की आता माझा शब्द तिच्यापाशी चालत नाही. माझी तक्रार नाही. तो मीच घालवला.

रॉडचा तुकडा तिनं तपासून आणला. शिसं निघालं, तांबं निघालं. माळ्यावरचं गोणपाट तिनं स्वतः खाली काढलं, मला हात लावू दिला नाही. कडीवरून किती कण उडाले असतील याचा हिशोब बसवला, आणि कार्बनमधल्या जास्तीच्या कणांचा तो फुगवटा जवळजवळ सगळा मावळला. तिच्या गणितात एक ओळही चुकलेली नव्हती. आठ महिने जिथं चूक शोधत होती तिथं चूक नव्हतीच. हे तिनं मला सांगितलं नाही. मुलानं सांगितलं, माझ्याकडं न बघता. बायको चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "माझ्याजवळ तरी बोलायचं होतंत." तिच्याजवळही बोललो नव्हतो, खरंय.

ज्यांनी ज्यांनी तिचं बोलणं ऐकलं होतं त्या सगळ्यांना खुलाशाचं पत्र पाठवायचं होतं. मी म्हणालो, माझं नाव घाल, माझी सही घे, इंग्रजीत असली तरी करतो. पाठवायच्या आधी तिनं ते पत्र मला मराठीत वाचून दाखवलं. चौथी चौकट कशी बिघडली, कडी कशाची होती, सगळं होतं. शेवटी तिनं लिहिलं होतं की चौकट करणाऱ्यानं हा बदल कळवला नाही, आणि मी धातू तपासून घेतला नाही.

"ते दुसरं काढ," मी म्हणालो.

"का?"

"तू कशाला तपासशील? घरचं काम होतं."

"म्हणूनच तपासायला हवं होतं, मामा."

आवाजात राग नव्हता. मापं वाचावीत तशी म्हणाली. राग असता तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं.

डिग्री तिला मिळाली, दोन वर्षं उशिरानं. प्रबंधात कार्बनचा भाग परत आला, फुगवट्याशिवाय. परदेशातली जागा काही परत आली नाही. ती इथंच कॉलेजात शिकवायला लागली. पुढं घरी इंटरनेट आलं, तेव्हा सकाळी पोळ्या लाटून झाल्या की दुसऱ्यांच्या प्रयोगांतल्या कणांच्या टकरींचे आकडे त्याच्यावर मागवून चाळत बसायची. अजूनही बसते. मला मामाच म्हणते, चहा देते, दुखलंखुपलं बघते. माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तराची भीतीही वाटते.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, तिनं मला पुन्हा काम दिलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी एक पितळी बैठक हवी होती. पितळ तिनं स्वतः आणलं. मी जॉब बांधला, तर ती लेथपाशी येऊन उभी राहिली.

"बस की स्टुलावर. तास-दीड तास लागेल."

"नको. उभीच बरी."

काम संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. टूल कुठं लागतंय, भुसा कसा पडतोय, सगळं बघत होती. माझ्या शेडमध्ये इतक्या वर्षांत कोणी माझ्या हातावर असा पहारा दिला नव्हता. कोणी दिला असता तर त्याला मी जॉबसकट बाहेर काढलं असतं. मी तिला चक नीट दिसावा म्हणून थोडा बाजूला सरकलो.